भगिनींनी शिरस्त्राणं का घातली

डोरीन : मी तुला बजावलं होतं. मेबल पोटात होती तेव्हाच. डबा हातात देताना काय म्हटलं होतं मी?

इमोजेन : "खेळातल्या जुन्या भगिनी आहेत, शिशाच्या बाहुल्या. बाळाच्या तोंडापासून लांब ठेव."

डोरीन : आणि तू काय म्हणालीस?

इमोजेन : म्हणाले, माझं बाळ काय अख्खी संन्यासिनी गिळणार आहे का, चिलखतासकट?

डोरीन : आणि वर खिदळलीस.

इमोजेन : खिदळले. तेव्हा मूल पोटात होतं गं, त्याला हात नव्हते, तोंड नव्हतं. म्हणजे होतं, पण मला दिसत नव्हतं. आता ती अख्ख्या घरभर सरपटते आणि दिसेल ते तोंडात घालते. चप्पल, वायर, मांजराचं शेपूट. त्या दिवशी सोफ्याखालून बाहेर आली ती एक गाल फुगवून. बोट घालून काढलं तर तुझी ध्वजधारी.

डोरीन : माझी ध्वजधारी!

इमोजेन : ध्वजावरचा लाल रंग निम्मा गेलेला. आणि तो कुठं गेला असेल, हा विचार करत मी सबंध आठवडा काढला.

डोरीन : अगं बदके, मग मला फोन नाही केलास?

इमोजेन : तपासणीचं कळायचं होतं. त्याआधी कुणाशी बोलले असते तर रडले असते. एवढासा दंड, त्यातून रक्त काढलं. कॅलम बाहेर व्हरांड्यात जाऊन उभा राहिला, मोठा बाप.

डोरीन : मग? काय निघालं?

इमोजेन : काल फोन आला. काही नाही. मेबल अगदी ठणठणीत आहे. बघ ना, कशी झोपलीय गाडीत, जसं काही झालंच नाही.

डोरीन : देवा रे. हे आधी सांगायचं असतं, मग बाकीचं.

इमोजेन : हा घे तुझा डबा. सगळ्या आहेत, ध्वजधारीसुद्धा. घरात नकोत मला आता.

डोरीन : ठेव तिकडे खुर्चीवर. आणि चल, फासे काढ. शनिवारी दुपारी हा हॉल आपल्याला मिळतो तो रडायला नाही. तुझी ती गंजक्या यंत्रांची फौज मांड. आज माझ्या अंगारव्रता भगिनी तुझं भंगार करणार आहेत.

इमोजेन : मागच्या वेळीही हेच म्हणाली होतीस. तुझ्या भगिनी मरत गेल्या, एकेका मरणाला एकेक कृपेचा फासा मिळत गेला, आणि शेवटी हरलीस तेव्हा समोर फाशांची ही रास. एक वापरशील तर शपथ.

डोरीन : देवाची कृपा अशी उधळायची नसते.

इमोजेन : उधळायचीच असते! नियमच आहे तसा. एक पडली की दुसरीनं तिच्या बळावर चमत्कार करायचा. तू ती लोणच्यासारखी मुरवत ठेवतेस.

डोरीन : शिकव, शिकव. तुझ्या जन्माच्या आधीपासून या सैन्यानं खेळतेय मी. कॉर्नवॉलहून आलीस तेव्हा फासा कसा टाकायचा तेही माहीत नव्हतं.

इमोजेन : आणि मला बदक म्हणतात म्हणून रागावले होते. नंतर कळलं, नॉटिंगहॅममध्ये बसवालासुद्धा बदकच म्हणतो.

डोरीन : प्रेमानं म्हणतो. हां, ही माझी पहिली तुकडी. या भिंतीआड. या नव्या आहेत, प्लास्टिकच्या. महिनाभर खपले यांच्यावर.

इमोजेन : छान आहेत. चिलखताचा काळा रंग काय सुरेख उतरलाय.

डोरीन : काळ्यात जरा निळा मिसळायचा. नुसता काळा मेल्यासारखा दिसतो.

इमोजेन : डोरीन.

डोरीन : काय गं?

इमोजेन : सगळ्यांनी शिरस्त्राणं का घातलीयत?

डोरीन : लढाईला चालल्यात. टोप्या घालतील का?

इमोजेन : अंगारव्रता उघड्या डोक्यानं लढतात. शत्रूला चेहरा दिसला पाहिजे, नाहीतर ती श्रद्धा कसली, हे मला तूच शिकवलंस. खोक्यात दोन्ही डोकी येतात, उघडंही आणि झाकलेलंही. झाकलेली तू सरळ कचऱ्यात टाकायचीस. आधी चेहरा, मग चिलखत. एकेक बुबुळ एका केसाच्या कुंचल्यानं रंगवायचीस. रॉयनं तुझ्या भगिनी क्लबच्या काचेच्या कपाटात ठेवल्यात त्या डोळ्यांसाठी.

डोरीन : बदल म्हणून केलं.

इमोजेन : ही दुसरी तुकडीही झाकलेली.

डोरीन : तू खेळायला आलीयस की तपासणीला?

इमोजेन : हात दाखव.

डोरीन : कशाला?

इमोजेन : टेबलावर ठेवू नकोस, हवेत धर. बोटं पसर.

डोरीन : चौऱ्याहत्तर वर्षांचे हात आहेत हे. थरथरणार नाहीत तर काय नाचणार?

इमोजेन : गेल्या उन्हाळ्यात थरथरत नव्हते. मेबलसाठी ते मोजे विणलेस तेव्हा एक टाका सुटला नव्हता. पोट कसं आहे?

डोरीन : पोट पोटाच्या जागी आहे.

इमोजेन : मघाशी पुदिन्याचे वाटाणे घेतले नाहीस. तू! वाटीतला रस्सा पावानं पुसून खाणारी.

डोरीन : कळ येते अधूनमधून. आणि चव नाही कशाला. चमचा चाटल्यासारखं लागतं सगळं. वय झालं की असंच होतं. माझ्या आईचंही झालं होतं.

इमोजेन : ऐक ना. नर्सनं मेबलचा निकाल सांगितल्यावर मला विचारलं, या जुन्या बाहुल्या आणखी कोण हाताळतं? मी तुझं नाव घेतलं. ती म्हणाली, नुसत्या हाताळण्यानं फारसं काही होत नाही, हात धुतले की झालं. कानशीनं घासत असतील, वितळवत असतील, तोंडात धरत असतील, तर मात्र बघायला हवं. मी म्हटलं, छे, डोरीन फार काटेकोर आहे. आणि फोन ठेवला. आणि मग आठवलं.

डोरीन : काय आठवलं?

इमोजेन : आत्ता, माझ्यासमोर, तुझ्या ओठात काय आहे?

डोरीन : काय? हे? तलवारीचा हात आहे. निखळला होता, चिकटवायचाय.

इमोजेन : जुन्या भगिनीचा?

डोरीन : मग दोन हातांनी किती गोष्टी धरणार? एका हातात भगिनी, एका हातात गोंद. लेसच्या कारखान्यात आम्ही सगळ्याजणी टाचण्या अशाच धरायचो. पंधराव्या वर्षापासूनची सवय आहे. ओठात आठ-दहा टाचण्या आणि वर गाणं म्हणायचो.

इमोजेन : टाचण्या शिशाच्या नव्हत्या, डोरीन. काढ तो. काढ आधी. ह्या रुमालात ठेव.

डोरीन : बाळाला बजावते तसं बजावू नकोस मला.

इमोजेन : बाळाला निदान मी बोट घालून काढू शकते. आणि वितळवतेस?

डोरीन : नाही.

इमोजेन : डोरीन.

डोरीन : तुटक्या असतात तेवढ्याच. हात, ढाली, असलं. आता कुठं मिळतात त्या भगिनींचे हात? माझा नवरा स्टॅन होता तेव्हा तोच ओतायचा, मागच्या शेडमध्ये. तो गेल्यावर शेडमध्ये जायला नको वाटतं. म्हणून घरातच.

इमोजेन : घरात कुठं?

डोरीन : शेगडीवर. दुधाच्या जुन्या भांड्यात. दूध नाही तापवत त्यात, एवढी वेडी नाही मी.

इमोजेन : आणि कानशीनं घासतेस कुठं? स्वयंपाकघराच्याच टेबलावर? जिथं पाव कापतेस?

डोरीन : पुसून घेते की.

इमोजेन : खिडकी उघडी असते?

डोरीन : ती उघडत नाही. स्टॅननं रंग दिला तेव्हाच चिकटली.

इमोजेन : आणि हे सगळं करणाऱ्या बाईनं मला बजावलं, बाळापासून लांब ठेव!

डोरीन : बाळाचं वेगळं असतं. बाळ वाढायचं असतं. म्हातारीचं काय वाढणार आहे?

इमोजेन : रक्त तपासून घे.

डोरीन : नाही.

इमोजेन : एक सुई आहे. मेबलनं घेतली.

डोरीन : मेबलला कुणी घरातून उचलून नेणार नाही.

इमोजेन : म्हणजे?

डोरीन : तुझी चाल आहे. टाक फासा.

इमोजेन : फासा राहू दे. कोण उचलून नेणार आहे?

डोरीन : माझ्या आईच्या हातांना असाच कंप सुटला होता. आधी कप पडायचे, मग नावं विसरायला लागली. डॉक्टरांनी काहीतरी लिहिलं, आणि मग सगळे फार गोड बोलायला लागले. महिनाभरात वृद्धाश्रमातल्या खोलीत. खिडकीतून गाड्या उभ्या करायची जागा दिसायची. माझी भाची, लिंडा, आत्ताच गोड बोलतेय. "मावशी, जिना जड जात असेल ना." मी डॉक्टरसमोर हात धरले की तो कागदावर काहीतरी लिहिणार. आणि मी काय करणार? झाकलेली डोकी लावते. कुणाला दिसत नाही.

इमोजेन : मला दिसलं.

डोरीन : तुला सगळंच दिसतं. बाळ झाल्यापासून तर घारीसारखी झालीयस.

इमोजेन : झालेय. झोपेत तिचा श्वास मोजते, तुला ठाऊक आहे. कॅलम हसतो. पण माझं एक ऐक. तुला वाटतंय, आईचं होतं तेच तुझं आहे. ते असेल तर डॉक्टर काही करू शकत नाही, खरं आहे. पण शिसं असेल, तर थांबवता येतं. नवीन जायचं बंद झालं की हळूहळू उतरतं, औषधंही आहेत. नर्स म्हणाली, सगळं भरून येईलच असं नाही, पण पुष्कळ सुधारतं. तू तर ज्यावर इलाज आहे तेच झाकून ठेवतेयस.

डोरीन : आणि शिसं नसेल तर?

इमोजेन : तर आपल्याला कळेल. आणि लिंडाशी मी बोलेन. गोड नाही बोलणार.

डोरीन : तुझी चाल अजून बाकी आहे.

इमोजेन : चाल राहू दे. बोल.

डोरीन : मंगळवारी डॉक्टरकडे जायचंच आहे मला. रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत ना, तर वर्षातून एकदा रक्त घेतात. दर वेळी मी फोन करून सांगते, सर्दी झालीय.

इमोजेन : या मंगळवारी सर्दी होणार नाही.

डोरीन : त्याच सुईत होईल हेही?

इमोजेन : तू सांगितलंस तर होईल. "जुन्या शिशाच्या बाहुल्यांचं काम करते, तेही बघा," एवढंच म्हणायचं. मी येते तुझ्याबरोबर... अरे देवा. मी नाहीये. उद्या सकाळीच निघतोय. आईच्या खुब्याचं ऑपरेशन आहे, पंधरा दिवस माहेरी, फाल्मथला.

डोरीन : मग जा की. मला काय बोट धरून न्यायचंय? एकटी जाईन.

इमोजेन : रॉयला सांगू?

डोरीन : रॉयला एक शब्द सांगितलास तर हा डबा तुझ्या डोक्यात घालेन. सबंध क्लबला कळेल. पुढच्या शनिवारी सगळे माझ्याकडे बघत बसतील, पटाकडे कुणी बघणार नाही.

इमोजेन : बरं, नाही सांगत. ते भांडं मात्र घराबाहेर. आजच. आणि टेबल ओल्या फडक्यानं पुसायचं, झाडायचं नाही, धूळ उडते. फडकं फेकून द्यायचं.

डोरीन : हो, मॅडम.

इमोजेन : आणि ओठात काही नाही.

डोरीन : मग हात कसे चिकटवू ते सांग.

इमोजेन : मला दे. मी धरेन, तू चिकटव. मी आले की.

डोरीन : तुला धड धरता येत नाही. मागच्या वेळी स्वतःचीच बोटं चिकटवून बसली होतीस. बरं, चहा आणते. तू घेणार ना? घसा कोरडा केलास माझा.

(डोरीन हॉलच्या टोकाला, चहाच्या खिडकीकडे जाते.)

इमोजेन : तुम्ही शेजारच्या टेबलावरून मघापासून ऐकताय ना? नाही, नाही, लाजू नका, बरंच झालं. रॉयला सांगणार नाही म्हणाले, तुमचं नाव काही निघालं नव्हतं. ती येईपर्यंत पटकन सांगते. तिच्या घराचं हिरवं दार आहे, चॅपलच्या मागची गल्ली, दाराशी दगडाचं बदक. मंगळवारी दुपारी जरा डोकावाल? काहीतरी कारण काढा, रंगाची बाटली मागा. विचारलंत तर ती म्हणेल, जाऊन आले. फार छान खोटं बोलते ती, वर केकही देईल. केक खाऊ नका. तिला फक्त बाही वर करायला सांगा, आणि कोपराच्या आतल्या बाजूला कापूस चिकटवलेला आहे का, तेवढं बघा.