बाटलेलं धरणं

मी बायजा, कुंभाराघरची. जन्म चाकणचा, लगीन झालं नि पुण्यात कसब्यातल्या कुंभारवाड्यात आले, तवापासनं हितंच. तुमी लिवायला बसलाय तर नीट लिवा, म्हातारी हाय म्हणून बोलणं गोड करू नका. उभा जन्म मातीत गेला माझा, पण मातीनं कधी दुखावलं न्हाई, दुखावलं ते माणसानं.

त्या वक्ताला आमच्या पेठेवर एक हवालदार व्हता. त्यानं घर बांधायला काढलं, नि रोज सकाळी त्याचा शिपाई यायचा, चला वेठीला, सरकारी काम हाय. सरकारी कसलं, ह्याच्या माडीचं! माणसं न्यायची, गाढवं न्यायची, दिवसभर दगड वाहून घ्यायचे, नि मजुरीचं नाव काढलं की पाठीवर कोरडा. इकडं भट्टी लावायला माणूस न्हाई, कच्ची मडकी जागच्या जागी तडकायची. माझ्या घरधन्याच्या पायावर दगडाचा चिरा पडला, पाऊल सुजून भोपळा झालं, तरी दुसऱ्या दिवशी शिपाई दारात हजर. म्हणला, एका पायावर चाल. काय सांगू तुमाला, डोस्क्यात नुसता जाळ झाला माझ्या.

पोरं म्हणली काठ्या काढू. मी म्हणलं काढा, नि उद्या समदे कोतवालीत सडा. आपण धरणं धरू. म्हंजी त्याच्या दारात उपाशी बसायचं, नुसत्या पाण्यावर, नि बसणारा जेवत न्हाई तवर त्याच्या त्या घरातल्यांनीबी अन्नाला शिवायचं न्हाई. रिवाजच हाय तो. पण बसणाऱ्याच्या बाजूनं कुणी हात उचलायचा न्हाई. उचलला की धरणं बाटलं.

बसलो आमी अकरा बाया, नि गाढवंबी नेली. हवालदार म्हणला, ही कशाला आणली गं? मी म्हणलं, तुमीच रोज बोलावता की, आज आपण होऊन आली. बघणारे हसले. त्यो मागल्या दारानं जाऊन जेवून येतो हे साऱ्या पेठेला ठावं व्हतं, पण त्याची आई, सत्तरीची बाई, तिनं रिवाज पाळला, आमच्यासंगं उपाशी ऱ्हायली.

तिसऱ्या दिवशी शिपायानं माझ्या जावेला लाथेनं ढकललं. माझा धाकटा दीर कडंला उभा व्हता, त्यानं धावत येऊन दगड घातला शिपायाच्या डोस्क्यात. रगात आलं. हवालदाराला तेच पायजे व्हतं. म्हणला, संपलं तुमचं, उठा. नि खरं व्हतं की, बाटलं व्हतं. म्या पदर फाडून दिराला दिला, म्हणलं, बांध त्याचं डोस्कं नि पाया पड. रडत बांधलं त्यानं. मग हवालदाराला म्हणलं, चूक आमची, तीन दिस गेले ते गेले, आज पैला दिस.

जाऊ म्हणली, बाई, मरशील. मी म्हणलं, मरीन तर ह्याच्या उंबऱ्यावर मरीन. आत हवालदाराच्या आईला सून भात वाढत व्हती, म्हातारीनं ताट मागं सरकवलं. म्हणली, त्यांनी पैल्यापासनं धरलं, तर मीबी पैल्यापासनं.

दोन दिस आणिक गेले, नि म्हातारी न्हाणीत चक्कर येऊन पडली. तवा आला हवालदार, पागोटं नीट न्हाई, डोळ्यात पाणी. म्हणला, कुंभारवाड्याची वेठ माफ. मी म्हणलं, लिवून द्या. दिलं लिवून. म्हातारीला धरून बाहेर आणली, तिनं आधी माझ्या हातावर वरनं गूळ टाकला, मी खाल्ला तवा तिनं खाल्ला. दिराला मातुर चार म्हैने डांबला. त्यो म्हणला, दगड माझा, मी जातो. माझा धनी पुढं जन्मभर लंगडला, पण वेठीला पुन्हा गेला न्हाई.

आता धनी न्हाई, त्यो हवालदारबी न्हाई. नवा आलाय. परवा त्याचा शिपाई आला, गाढवं सोड म्हणला. कागद दाखवला तर म्हणतो, जुना हाय. मी म्हणलं, तुज्या धन्याला जाऊन सांग, ह्या म्हातारीनं आज सकाळपासनं काय खाल्लं न्हाई, नि तिला त्याचं दार ठावं हाय. गाढवं तशीच ठेवून माघारी गेला. देव त्याच्या धन्याला चांगली बुद्धी देवो. न्हाई दिली, तर मी हायच.