ओट्यावरचा झोपाळा

सरकारी जागा रिकामी करण्याच्या नोटिशींवर सुनावणी होती. रांगेत एका शिंप्याच्या पुढे दोन जावा उभ्या होत्या. त्याने आपली नोटीस खिशात घातली आणि कान टवकारले.

"जाऊबाई, तुम्हालाही नोटीस? मला वाटलं, आम्हालाच आली."

"तुम्हालाच यायला हवी होती! सरकारी जागेवर ओटा कोणी बांधला? वर तो झोपाळा!"

"झोपाळा तुमच्या डोळ्यांत खुपतो, ठाऊक आहे मला."

"माझ्या? मी ढुंकूनही बघत नाही तिकडे."

"मग तो निनावी अर्ज कोणी केला?"

"करतात लोक. कुणाचं चांगलं बघवत नाही, दुसरं काय!"

"ओटा बघायला आले तेव्हा साहेबांनी वाचून दाखवला. 'यांच्या ओट्यामुळे माझ्या खोलीत ऊन येत नाही. मी पंधरा वर्षं यांच्या भिंतीला भिंत लावून राहते.'"

जाऊबाईंनी आपली नोटीस उलगडून पुन्हा वाचली.

"साहेब म्हणाले, म्हणजे ती खोलीही सरकारच्याच जागेत. लगेच मोजणी केली."

"पाडणार कधी?"

"तुमची खोली अन् आमचा ओटा, एकाच दिवशी."

रांग सरकली.

"मग साहेबांना एवढं सांग गं, आधी ओटा पाडा म्हणावं. मला माझ्या खिडकीतून बघायचंय."