उंबऱ्यावरचं रसायन

...उंदीर म्हणाला हो! माझ्या नवऱ्याला! आणि कुठं, तर त्यांच्याच मरणाच्या शंभराव्या दिवसाच्या जेवणात, माझ्याच हातचं डुकराचं मटण ओरपत! म्हणे, रसायन!

कोण काय विचारता? आमच्या शेजारचे खिएम सर. कॉलेजात मानसशास्त्र शिकवतात. माणूस असं का वागतो म्हणून विचारा, उत्तर ठरलेलं... मेंदू, रक्त, नाहीतर आईबापाकडून आलेली जनुकं. पोरगं रडलं, रसायन. म्हातारी चिडली, रसायन. स्वतःची बायको कायमची माहेरी गेली तेव्हा मात्र आतून कडी लावून बसले होते, तेव्हा कुठलं रसायन होतं ते काही बोलले नाहीत!

तर पंगत बसलेली, आणि मी आपली बायकांना सांगतेय, आमचे हे कसे होते ते. तुम्हाला सांगते, मला सापाची भयंकर भीती. आणि पहाटे फुलं घेऊन बाजाराला निघायचं तर वाट कालव्याकाठची, वाटेत आमच्या फुलझाडांच्या कुंड्या मांडलेल्या, दोन्हीकडं कमरेएवढं गवत. तर हे रोज पुढं काठी आपटत चालायचे. कबूल करतील तर शपथ! 'तुझ्यासाठी कोण येतंय? मला कुंड्या बघायच्यात.' अहो, अंधारात कसल्या कुंड्या बघता? लग्न झाल्यापासून मरेपर्यंत त्या माणसानं कुंड्याच बघितल्या... सांगता सांगता मला रडू फुटलं. आणि हे सर, हाडूक चोखत, 'काकू, त्यात विशेष काही नाही. रानउंदरांच्या एका जातीत नर मादीला असाच जपतो. मेंदूतलं रसायन.'

बायका हसल्या हो! ह्यांच्या फोटोपुढची उदबत्तीसुद्धा अजून विझली नव्हती! मी तेव्हाच मनात म्हटलं, थांब बच्चमजी, तुझं रसायन उकळून नाही दाखवलं तर नावाची न्हान नाही.

आता आमच्याकडं नव्या वर्षाच्या सकाळी उंबऱ्यात पहिलं पाऊल ज्याचं, त्याच्यासारखं घराचं वर्ष जातं. आणि वर्षाचा दुखवटा असलेल्यानं त्या दिवशी दुसऱ्याच्या दारात फिरकायचं नाही, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. म्हटलं, सर काय, शास्त्राचा माणूस! त्यांना कसला विटाळ?

माझ्या घरी मी आमच्या दाव मामांना सांगून ठेवलेलं. भरला संसार, चालता धंदा, हसरं तोंड. 'मामा, सकाळी पहिले तुम्हीच या.' हे गेले, मागोमाग कालव्याच्या पुरात निम्म्या कुंड्या गेल्या... हे वर्ष तरी धड जाऊ दे, एवढंच मागणं होतं हो माझं.

उजाडलं. मी पांढरे कपडे घातले, दुखवट्याची काळी पट्टी ठसठशीत लावली आणि निघाले, सरांच्या उंबऱ्यात पहिलं पाऊल टाकायला. सर नवा शर्ट घालून दारात! मला बघितलं आणि चेहरा पांढराफटक! दोन्ही हात चौकटीला लावून आडवे!

'काकू... तिथंच थांबा हं... परवा या ना, परवा!'

'का हो सर? घाम फुटला? छाती धडधडतेय? घाबरू नका, रसायन आहे!'

आणि पाय उचलला. उंबऱ्यावर असा अधांतरी! गुडघा ठणकत होता, पण काय सुख होतं म्हणून सांगू!

'काकू, पाया पडतो!'

'उंदीर कधी पाया पडतात का? बोला, आमचे हे माझ्यासाठी येत होते की रसायनासाठी?'

तर म्हणतात कसे, 'आता शास्त्रीयदृष्ट्या बघितलं तर...' मेला उंबऱ्यात मरेल, पण शास्त्र सोडणार नाही! मी टाच टेकवणार, तेवढ्यात आत त्यांची म्हातारी आई दिसली. काठीवर वाकलेली, डोळे मिटून हात जोडलेली. तिनं काय माझं घोडं मारलंय? फिरले माघारी. शिव्या घालत घरी आले आणि ह्यांच्या फोटोपुढं उभी राहिले. म्हटलं, बघा, तुमच्यासाठी एक सूडसुद्धा धड जमला नाही मला.

तर मागून धपधप पावलं. सर! अनवाणी, हातात केळीच्या पानातला नव्या वर्षाचा चिकट भाताचा उंडा, थेट फोटोपुढं! 'काकू, चुकलो. तुमच्यासाठीच येत होते ते. जीव होता त्यांचा तुमच्यावर.' डोळ्यांत पाणी हो त्यांच्या! जिंकले! म्हटलं, ऐकलंत ना हो...

आणि मग माझं लक्ष त्यांच्या पायांकडं गेलं. माझ्या उंबऱ्याच्या आत!

दारात दाव मामा. नवा शर्ट, हसरं तोंड... तेही गेलं. 'अगं न्हान, पहिलं पाऊल ह्याचं? बायकोनं टाकलेल्याचं?'

काय करता! म्हटलं, सर, आता वर्षभर तुम्हीच माझ्या नशिबात. भोगा. बाजार उघडला की रोज पहाटे काठी घेऊन माझ्या पुढं चालायचं, हीच शिक्षा.

आले की! पहिल्याच पहाटे, बूट-मोजे घालून. गवत सळसळलं मात्र, सरांनी माझी बाही धरली घट्ट! 'काकू, मला सापाची फार भीती वाटते हो.'

म्हणे, रसायन!

तर आता पुढं मी, काठी आपटत. मागं सर. आणि बाजारातल्या बायका विचारतात, 'काय गं न्हान, ह्याच्यासाठी एवढ्या पहाटे?'

ह्याच्यासाठी कोण जातंय? मला कुंड्या बघायच्यात.