पूर्ण माहिती

दाताच्या डॉक्टरांकडे गाल धरून बसलेल्या बाईंना शेजारच्या सासू-सुनेचं बोलणं ऐकायचं नव्हतं; पण दुखत होता तो दात, कान नव्हे.

"आई, दुपारी साहेबांना राज्यं जिंकायचा कॉम्प्युटरवरचा खेळ दाखवायचाय आणि तो खेळणारा आमचा एआय लढाईच करत नाही. आज हरला तर माझी नोकरी गेलीच समजा."

"तू काय शिकवलंस त्याला?"

"शिकवत नाही हो. खेळायला त्याला टूल्स दिलेली असतात: चौकशी, हल्ला, तह. कुठलं कधी वापरायचं, ते मी लिहून देते. तो त्याबरहुकूम चालतो."

"वाच बघू."

"'चौकशी: शेजारच्या राज्याची माहिती काढा. पूर्ण माहिती मिळाल्याशिवाय हल्ला करू नका.'"

"मग तो काय करतो?"

"चौकशी! शत्रू राजवाड्यात घुसला, तरी हा विचारतोय, तुमच्याकडे घोडे किती?"

"अगदी माझी नणंद! अगं, पूर्ण माहिती कुणाची मिळते का कधी? एवढी वर्षं संसार केला, तुझ्या सासऱ्यांची मला अजून मिळाली नाही. 'पुरेशी' लिही."

"पुरेशी म्हणजे किती, ते विचारत बसेल."

"मग लिही, दोनदा विचारा आणि तुटून पडा."

सुनेनं मांडीवरच्या लॅपटॉपवर तसंच लिहिलं आणि खेळ पुन्हा सुरू केला.

"आई! निघालं सैन्य किल्ल्याकडे!"

"कुणाच्या?"

"थांबा हं... शत्रूच्याच, शत्रूच्याच!"

"बाई, तुमचा नंबर आलाय," नर्सनं दारातून हाक मारली. "येताय ना आत?"

"येते हो," गाल धरलेल्या बाई लॅपटॉपवरची नजर न काढता म्हणाल्या, "तेवढा किल्ला पडू दे."