रात्रीची कवळी

द्वारकेतल्या दंतवैद्याकडे नंबरची वाट पाहत बसलेल्या क्षिप्राच्या कानावर अचानक मराठी पडली. शेजारी एक आजी-आजोबा बसले होते.

"टाळू लालभडक झालाय, तरी तुम्ही झोपताना कवळी काढत नाही. डॉक्टरांना खरं सांगा."

"सांगतो. बिल्कुल सांगतो."

"पण का नाही काढत? जळजळीनं साधा वरणभात गिळवत नाही तुम्हाला."

"तुला बोळकं तोंड कसं दाखवू?"

"अहो, माझेही पुढचे दात खोटेच आहेत."

"काय? कधीपासून?"

"दिवाळीपासून. सुनेबरोबर जाऊन गुपचूप बसवून आले. तुम्ही घोरायला लागलात की काढून वाटीत ठेवते."

"अच्छा! मग आजपासून दोघं मिळून काढू."

क्षिप्रानं हसू लपवायला मोबाइल तोंडाशी धरला.

"चालेल. पण आधी लाइट बंद करा हं!"