नळी त्याच्याकडे, दस्ता माझ्याकडे

ग्राबेनडॉर्फ पोलीस ठाणे, कॅरिन्थिया प्रांत, ऑस्ट्रिया
सोमवार, दि. १९ ऑक्टोबर १९८७, सकाळी ९.४०

मी वालेंटिन योहान मिशकुल्निग, वय ६८ वर्षे, धंदा बंदूक कारागिरी (दुकान सध्या बंद), राहणार चर्चमागे, घर नंबर ११, ग्राबेनडॉर्फ. गावात मला फोल्टी म्हणतात. मला कोणी बोलावलेले नाही. आपण होऊन ठाण्यात येऊन समक्ष सांगतो की,

मी वरील ठिकाणी एकटा राहतो. मयत लोरेन्झ ओग्रिस ऊर्फ लेन्झ, वय ७१, हा माझा शाळेपासूनचा मित्र. आम्हा दोघांकडे शिकारीचा परवाना आहे. दरवर्षी ऑक्टोबरात आम्ही डोंगरावर जाऊन एक रानबोकड मारतो. एक वर्ष गोळी त्याची, एक वर्ष माझी. यंदा पाळी माझी होती.

सात वर्षांपूर्वी लेन्झचे गुडघे गेले. दोन्ही हातांत काठ्या घेऊन चढायचे, तर खांद्यावरची लांब रायफल घसरून पायात यायची. ती सुटी होऊन पाठीवरच्या सॅकमध्ये मावेल अशी करून दे, असे त्याने मला सांगितले. मी साफ नाही म्हणालो. आमच्याकडे सॅकमधली बंदूक म्हणजे चोरट्या शिकाऱ्याची बंदूक. असले काम करणाऱ्याच्या हातची बिअरसुद्धा माझ्या वडिलांनी घेतली नसती. लेन्झ महिनाभर रोज दुकानात येऊन बसला, माझा तंबाखू ओढला आणि माझे डोके खाल्ले. मी बधलो नाही.

मग एका दुपारी त्याची बायको बुर्गा आली. लेन्झच्या हृदयाचे दुखणे तेव्हा नुकतेच कळले होते. ती म्हणाली, "भावजी, द्या त्याला करून. पण अर्धी तुमच्याकडे ठेवा. अर्ध्या बंदुकीनं काय करणार तो? तुम्हाला घेतल्याशिवाय डोंगर चढायचा नाही." हे मला पटले. बाईचे डोके आमच्या दोघांपेक्षा चांगले होते.

मी रीतसर परवानगी काढून काम केले. नळीवर सरकारी तपासणीचा शिक्का आहे, तो साहेबांनी पाहिला आहे. दोन्ही भाग असे बसतात की सांधा कुठे आहे ते बोटाला कळत नाही. माझ्या हातून झालेले ते शेवटचे चांगले काम. तेव्हापासून नळी लेन्झच्या सॅकमध्ये आणि चाप व दस्ता माझ्याकडे. मला लाज वाटत असल्याने हे आम्हा तिघांशिवाय गावात कोणाला माहीत नव्हते. बुर्गा दोन वर्षांपूर्वी वारली. लेन्झची रायफल मी माझ्या घरात ठेवली याबद्दल जी काही कारवाई व्हायची ती माझ्यावर व्हावी.

रविवार दि. ११ रोजी चर्चमधून आम्ही खानावळीत गेलो. दहा-बारा माणसे होती. लेन्झच्या तोंडात तीळ भिजत नाही, हे गाव जाणते. यंदा गोळी कोणाची, असे कोणीतरी विचारले. तो म्हणाला, "फोल्टीची. म्हणजे बोकड यंदाही म्हातारपणानंच मरणार. अरे, हात कापतो त्याचा. उगाच का दुकान बंद केलं?" सगळे हसले. दुकान का बंद केले हे मी फक्त लेन्झला सांगितले होते. मी बिअर अर्धी टाकून उठलो. तो मागून हाका मारत होता, मी वळलो नाही.

गुरुवार दि. १५ रोजी आमचे जायचे आधीपासून ठरलेले होते. लेन्झ हळू चालतो, म्हणून तो तासभर आधी निघतो. जाताना माझ्या खिडकीच्या काचेवर काठीने दोनदा ठोकतो. त्याचा अर्थ, मी निघालो, तू मागून ये. मग वरच्या देवदाराखालच्या बाकावर आम्ही भेटतो. त्या दिवशी सकाळी साडेसहाला त्याने काचेवर ठोकले. मी जागा होतो. प्रकृती बरी नसल्याने मी गेलो नाही. त्याला तसे सांगितलेही नाही. थोड्या वेळाने त्याने तिसऱ्यांदा ठोकले. एरवी तो तिसऱ्यांदा ठोकत नाही.

दि. १६ रोजी बेकरीत मला कळले की लेन्झ बाकावर बसल्या बसल्या गेला. येर्नेइ हा डोंगरापलीकडचा स्लोव्हेन मेंढपाळ उरलेल्या मेंढ्या खाली आणत होता. त्याने दहाच्या सुमारास लेन्झला तेथे बसलेले पाहिले होते. चारला परत आला तेव्हा तो तसाच बसलेला होता. येर्नेइने स्वतःचा कोट त्याच्यावर घातला आणि पळत खाली येऊन खबर दिली. सॅकमध्ये नुसती नळी मिळाली, म्हणून बाकीची रायफल येर्नेइने लांबवली असा संशय आला आणि त्याची खोली तपासण्यात आली. हे चोर सोडून संन्याशाला फाशी झाले. यात चोर कोणीच नाही. येर्नेइने काही घेतलेले नाही. उलट त्याचा कोट अजून ठाण्यातच आहे, तो त्याला द्यावा, वर थंडी पडली आहे.

हे सांगायला मी त्याच दिवशी यायला हवे होते. तीन दिवस गप्प बसलो, कारण अर्धी रायफल दाखवायची म्हणजे मी तिच्यासकट घरात बसलो होतो हेही सांगणे आले. काल चर्चमध्ये येर्नेइच्या बाकावर कोणी बसले नाही. मीही बसलो नाही. याची मला लाज वाटते.

चाप व दस्ता मी फडक्यात बांधून आणला आहे, तो ताब्यात द्यावा म्हणून टेबलावर ठेवला. साहेबांनी माझ्यासमोर नळीशी जुळवून पाहिला. बरोबर बसला.

येर्नेइला येथे बोलावून माझ्यासमोर विचारण्यात आले. दहा वाजता लेन्झ काय म्हणाला, ते त्याने सांगितले. लेन्झ म्हणाला होता, "येईल तो. रुसलाय, पण येईल. आज त्याची पाळी आहे."

मयताजवळच्या वस्तू मला दाखवण्यात आल्या. नळी, ब्रेड, डुकराच्या खारवलेल्या मांसाचे दोन तुकडे, थर्मास, दोन कप. कोटाच्या खिशात ओल्या रुमालात गुंडाळलेली फरच्या झाडाची हिरवी डहाळी होती. ती कशासाठी, असे विचारल्यावरून सांगतो की, शिकार पडली की जोडीदार अशी डहाळी तोडतो, टोपीवर ठेवून गोळी मारणाऱ्यापुढे धरतो आणि तो ती आपल्या टोपीत खोवतो. गोळी सुटण्याआधी डहाळी तोडणे अशुभ मानतात. आधी तोडणाऱ्यांना लेन्झ स्वतः शिव्या घालायचा. त्याने ती आधी तोडून ओल्या रुमालात जपून ठेवली होती. "चुकलं" हा शब्द त्याला येत नव्हता. तो बुर्गालाही कधी म्हणाला नाही.

लेन्झ दुपारी एक ते दोनच्या दरम्यान गेला, असे डॉक्टरांचे म्हणणे आहे. म्हणजे त्याने निदान तीन तास वाट पाहिली. मी बरोबर असतो तर काय झाले असते, असे मी डॉक्टरांना विचारले. त्यांनी चष्मा पुसला.

डहाळी मला मिळावी अशी विनंती आहे. दफनाच्या वेळी ती खड्ड्यात टाकायची आहे. ते जोडीदारानेच करायचे असते.

येथवरचा मजकूर मला मोठ्याने वाचून दाखवला. ऐकताना एक जागा चुकीची वाटली. "प्रकृती बरी नसल्याने" हे शब्द मीच सांगितले होते, पण ते खोटे आहेत. ते खोडून त्या जागी "राग धरून" असे लिहावे. मला काहीही झाले नव्हते. बाकी सगळे मी बोललो तसेच आहे. खालची सही माझी आहे. ती वेडीवाकडी आली आहे, कारण माझा हात कापतो. लेन्झ खरे तेच बोलला होता.

(सही) वा. यो. मिशकुल्निग