विहिणीची आयव्ही

झाड कसं जगवतात ते माह्याकडून शिका. विहीणबाईनं आमच्या सुनेले कुंडीतली आयव्ही देली होती. दिवाळीले बाई दुसरबीडहून येणार, अन् इकडं वेल पिवळी पडून राह्यली. सून म्हणे, "आईले काय तोंड दाखवू?" मंग ती सकाळी पाणी टाके, आमची म्हातारी दुपारी, मी संध्याकाळी. कुंडीत नुसता चिखल!

एक दिवस सून भडकली, "मामाजी, तुमच्याच पाण्यानं सडली!" म्हातारी तिच्यावर उलटली, मी दोघीवर. "आता त्या कुंडीले हात लावीन तं पाहा!" असं तिघंही बोललो अन् अबोला धरून बसलो. पाणी बंद झालं, चिखल सुकला, वेलीले कोवळे पानं फुटले.

विहीणबाई आल्या. "भाऊ, काय निगा राखली हो! कसं जमवलं?"

म्या म्हनलं, "घरात कोणी कोणाशी बोलत नाही ना, म्हणून."